दोनशे चौदावा खेळाडू

फोटोतल्या डावीकडून चौथ्या माणसाचा डावा कान फुगलेला आहे. कानाची वरची कड आत दुमडून बसली आहे आणि जिथे खळगा असायला हवा तिथे उंचवटा आहे. भिंगाखाली पाहिलं तर उंचवट्याच्या खाली एक बारीक काळी रेघ दिसते. ती सावली आहे. चिखलाच्या कडा फाटक्या असतात, या रेघेची कड नितळ आहे. बाकी चेहऱ्यातलं काही ओळखू येत नाही. जून १९६५, यारंबीचं मैदान, सामना संपून पाचेक मिनिटं झालेली. तेरा माणसं, तेराही चिखलातून उपसून काढल्यासारखी. खाली वर्तमानपत्राने नावं छापली आहेत. डावीकडून चौथा : सी. फीनी.

सी. फीनी म्हणजे क्लॅरी फीनी, माझे बाबा. बाबांचे कान शेवटपर्यंत पातळ आणि चपटे होते. उन्हात पाठमोरे बसले की त्यांतून लाल उजेड यायचा.

हा फोटो आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर टांगलेला असे. चौदा वर्षांची असताना मी आईला विचारलं होतं, बाबांचा कान असा का दिसतो?

"चिखल आहे तो," आई म्हणाली. "एवढी वर चढलीच आहेस तर फ्रिजवरची धूळ पूस."

फुगलेला कान शेजारच्या वॅलकाकांना होता. वॅल स्टॉडार्ट. रग्बी लीगमध्ये पुढच्या फळीत, डोक्याला डोकी घासत खेळणाऱ्यांचे कान असे होतात. बाबाही त्याच फळीत खेळायचे, पण ते डोक्याला पट्टी गुंडाळत. वॅलकाकांना पट्टी म्हणजे बायकी वाटायची. बाबा गॅसच्या कारखान्यात भट्टीवर होते, काका बंदरावर माल उतरवत. दोघेही आमच्या क्लबच्या दुसऱ्या संघात. पहिल्या संघात दोघेही कधीतरी जातील असं म्हटलं जायचं. त्यातही काका आधी.

काकांचा डावा गुडघा मात्र वाकत नसे. मला आठवतं तेव्हापासून ते एक पाय ओढत चालतात. आणि दर शनिवारी सकाळी बाबा आमचं गवत कापायचं यंत्र ढकलत त्यांच्या अंगणात जात. आमचं गवत पोटरीपर्यंत आलं तरी चालायचं, काकांचं कधी घोट्याच्या वर गेलं नाही. आई चिडायची. बाबा म्हणायचे, "त्याचा पाय बघ ना," आणि विषय तिथेच संपायचा. गवत कापून झालं की दोघं मिळून मैदानावर जात. मीही जायची. दक्षिणेकडच्या गवताळ उतारावर आमची जागा ठरलेली होती, फळ्याच्या खाली. फळ्यावरचे आकडे एक माणूस शिडीवर चढून हाताने बदलायचा आणि उतारावरची माणसं त्याला घाई करत शिव्या द्यायची. मटणाच्या ‘पाय’चा, म्हणजे खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीचा, पहिला घास नेहमी जीभ भाजायचा. डॉलर येण्याआधी, बाबा खेळत तेव्हा, जिंकलं की खेळाडूंना बारा पौंड मिळत, हरलं की पाच. सोमवारी सगळे आपापल्या कामावर.

अकरा वर्षांपूर्वी, मरायच्या पंधरा दिवस आधी, बाबांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली.

"तो सामना मी खेळलो नाही, लोरेन. वॅल खेळला."

त्या आठवड्यात शहरात फ्लूची साथ होती. पहिल्या संघातले चार जण आडवे झाले, म्हणून बाबांचं नाव निघालं. कार्यक्रमपत्रिकेवर छापूनही झालं. पण त्याच फ्लूने भट्टीवरची माणसंही आडवी केली होती, आणि शनिवारी दुपारी मुकादमाने बाबांना सोडलं नाही. वॅलकाका मोकळे होते. मोकळे, कारण दुसऱ्या संघाच्या सामन्यात एकाचा जबडा सुजवल्याबद्दल लीगने त्यांना आठ आठवडे बसवून ठेवलं होतं. अंगलोट बाबांसारखीच. प्रशिक्षकाने बाबांची जर्सी त्यांच्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "ज्याला बसेल तो क्लॅरी फीनी."

पाऊस इतका होता की दहाव्या मिनिटाला कोण कोणता ते कळेनासं झालं. काकांनी दोघांना अंगावर घेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला. तो ट्राय सी. फीनीच्या नावावर लागला. शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा गुडघा गेला. तोही फीनीचाच गेला. क्लबच्या डॉक्टरांकडे जायचं तर फीनीने जायला हवं होतं, आणि फीनी सोमवारी भट्टीवर दोन पायांवर नीट उभा होता.

"बंदरावर घसरून पडलो असं सगळ्यांना सांगितलं त्याने," बाबा म्हणाले. "पण नुकसानभरपाईच्या कागदावर मात्र ते लिहिलं नाही. म्हणाला, थापा मारेन, खोटी सही करणार नाही."

"आणि आई?"

"तुम्ही दोघी बाथर्स्टला आजीकडे होतात. मी रविवारी फोन केला तर तुझी आजी पेपर घेऊन शेजाऱ्यांच्या दारोदार फिरत होती. तू मागे ओरडत होतीस, बाबांनी ट्राय केला, बाबांनी ट्राय केला." त्यांनी थोडं पाणी घेतलं. "तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता तू ठरव. तू मोजूनमापून बोलणारी आहेस."

मी बत्तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम केलं. चुकीच्या नावाने आलेली बाटली दिसली की काम थांबवायचं आणि फोन उचलायचा, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले होते. इथे अकरा वर्षं मी फोन उचलला नाही. आधी आई होती. आई गेल्यावर कोरोनाची साथ आली आणि सामनेच बंद पडले. मग काकांची बायको आजारी होती. मग काहीच कारण उरलं नाही, तरी मी बोलले नाही. कारण साधं होतं. बाबा पहिल्या संघात एकच सामना खेळले होते. तो काढून घेतला की ते कधीच खेळले नव्हते.

एप्रिलमध्ये क्लबमधून टेगन नावाच्या मुलीचा फोन आला. आवाजावरून पंचवीसची असावी.

"लोरेन, तुमच्या बाबांचा क्रमांक दोनशे चौदा, बरोबर ना?"

आमच्या क्लबच्या पहिल्या संघात खेळलेल्या प्रत्येकाला क्रमांक असतो, पहिल्या खेळाडूपासून ओळीने. शंभर सामने खेळा की एक, क्रमांक एकच, आणि माणूस मेला तरी तो दुसऱ्याला जात नाही. क्लबने आता सगळे क्रमांक संगमरवरी भिंतीवर कोरून घेतले होते. जुन्या खेळाडूंना मखमली टोप्याही करायला टाकल्या होत्या, आत सोनेरी धाग्याने क्रमांक भरलेल्या.

"पैसा आलाय ना आता," टेगन हसत म्हणाली. "म्हटलं, ज्यांच्या वेळी नव्हता त्यांना काहीतरी देऊ या. जूनमध्ये यारंबीला सामना आहे, मैदानात सगळ्यांसमोर टोपी देणार. तुम्ही याल?"

पैसा आला होता हे खरं. नव्वदच्या दशकात क्लब बुडायला आला तेव्हा वॅलकाका स्टेशनबाहेर बादली घेऊन उभे राहिले होते, आणि लोकांनी त्यात नाण्यांबरोबर सिगरेटची थोटकंही टाकली होती. आता टीव्हीवाल्यांचा करार झालाय, चाळीस हजार सभासद आहेत, मुलींच्या संघालाही पगार मिळतो. सामने शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर होतात. यारंबीला वर्षातून एक, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. त्याची तिकिटं वीस मिनिटांत संपतात.

मी काकांकडे गेले. ते मागच्या ओट्यावर भोपळ्याचा स्कोन चहात बुडवत बसले होते. मी टोपीचं सांगितलं. मग म्हटलं, "काका, ती तुमची आहे. बाबांनी मला सांगितलंय सगळं."

त्यांनी स्कोन बाहेर काढला. अर्धा चहातच राहिला.

"बडबड्या होता तुझा बाप."

"मी क्लबला कळवते."

"खबरदार! मी आठ आठवडे बसलेला माणूस होतो. कळलं तर लीग त्या विजयाचे आपले दोन गुण काढून घेईल."

"साठ वर्षं झाली, काका."

"तुला लीगवाले माहीत नाहीत, पोरी." मग ते गंभीर झाले. "हे बघ. क्लॅरीचं नाव त्या भिंतीवरून उतरवायचं? मी जिवंत असताना? अठ्ठेचाळीस वर्षं त्याने माझं गवत कापलं. ताप असताना कापलं. तू टोपी घे आणि त्याच्या फोटोला घाल. तसंही माझं डोकं मोठं आहे, बसायची नाही."

"मग माझ्याबरोबर मैदानात तरी या. बाबांचा मित्र म्हणून."

"पाय मिळेल ना तिथे? मटणाचा? की आता सुशी ठेवलीय?"

पाय मिळाला. साडेनऊ डॉलरला. काकांनी किंमत ऐकून विक्रेत्या मुलीला विचारलं, आत अख्खी मेंढी आहे का. ती म्हणाली, "आजोबा, सॉस फुकट आहे, हवा तेवढा घ्या." त्यांनी घेतला.

उतार तसाच होता. पाठीखाली ओल लागत होती. फळ्याच्या जागी दुमजली पडदा आला होता आणि त्याला शिव्या घालायची कोणाला गरज पडत नव्हती. मुलींचा सामना चालू होता. विसाव्या मिनिटाला आमची एक मुलगी गुडघा धरून पडली. निळ्या शर्टातली चार माणसं धावत आली. एकाने पाय धरला, एकाने डोकं, तिसरी तिच्या कानाशी काही बोलत होती. मी घड्याळ पाहिलं. पडल्यापासून अकरा सेकंद.

"चार जण," काका म्हणाले. ते मैदानाकडे बघत राहिले. "चांगलंय. चांगलंय हे." त्यांनी पाय ओढून घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवला. "मला त्या दिवशी कपडे धुणाऱ्या बाईने एक संत्रं दिलं होतं. गोड होतं."

साठ वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी आपणहून उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. आमच्या पुढे बसलेल्या माणसाने वळून पाहिलं आणि पुन्हा सामन्याकडे तोंड केलं.

मुख्य सामन्याच्या आधी आम्हाला खाली नेलं. कुंपणाजवळ बारा कुटुंबं एका ओळीत. काका काठीवर भार देऊन माझ्या उजवीकडे. टेगन खरंच पंचवीसची होती, हातात टोप्यांचा ट्रे आणि ध्वनिक्षेपक. पडद्यावर एकेक जुना फोटो येत होता. निवेदक नाव वाचे, उतारावरून टाळ्या पडत, टेगन टोपी देई आणि घरचे दोन शब्द बोलत. बहुतेक जण आभार मानत. एक बाई नुसतीच रडली.

मग पडद्यावर आमचा फोटो आला. फ्रिजच्या वरचा. चाळीस फूट रुंद. डावीकडून चौथ्या माणसाभोवती वर्तुळ काढलं होतं, आणि तो कान आता एखाद्या दरवाज्याएवढा होता.

"क्रमांक दोनशे चौदा," निवेदकाचा आवाज घुमला. "क्लॅरी फीनी. एक सामना, एक ट्राय."

उतारावरची माणसं एक सामना खेळलेल्यांसाठी मुद्दाम जास्त ओरडतात, ही इथली जुनी रीत आहे. सोळा हजार माणसं ओरडली. कुणीतरी किंचाळलं, "शाब्बास रे चौदा!"

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात वर उठला होता. टाळ्यांना उत्तर देण्यासाठी उठतो तसा, बोटं पसरलेली, छातीच्या उंचीपर्यंत. तिथे तो थांबला. एखादा सेकंद, जास्त नाही. मग त्यांनी तो तसाच पुढे नेऊन कान खाजवला.

टेगनने टोपी माझ्या हातात ठेवली. जांभळी मखमल, आत सोनेरी आकडे. वजनाला काहीच नव्हती. तिने ध्वनिक्षेपक माझ्या तोंडाजवळ धरला.

"लोरेन, बाबांबद्दल दोन शब्द?"

"पोरी," काका खालच्या आवाजात म्हणाले. "गप्प घरी जाऊ."

समोर पडद्यावर तो कान होता आणि शेजारी, हाताच्या अंतरावर, तोच कान होता. मला बाबांचे कान आठवले, उन्हात लाल होणारे. भिंतीवर आता त्यांचं नाव राहणार नव्हतं.

"माझे बाबा या क्लबकडून कधीच पहिल्या संघात खेळले नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज दूरच्या कुंपणावर आदळून परत आला. मी तो परत येईपर्यंत थांबले. "त्या दिवशी ते गॅसच्या भट्टीवर कामावर होते. त्यांचं नाव उतरवा. दोनशे चौदावा खेळाडू हे इथे उभे आहेत, वॅल स्टॉडार्ट."