तोंड दाखवू नको

“इकडं बघ म्हणतो ना!” तातेराव गुरुजींनी छडी टेबलावर आपटली. सगळी पोरं दचकली. चौथीतली बेबीनंदा तेवढी फळ्याकडे पाठ करून, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. आज तिसरा दिवस. पाटीवरची गणितं मात्र सगळी बरोबर.

हसनाबादजवळच्या वस्तीतली ही एका गुरुजींची शाळा. दुष्काळात खडी फोडायला निघालेल्या मालनबाईला अडवून तातेरावांनीच तिच्या पोरीला, या बेबीनंदाला, इथं आणलं होतं. गाव पोरीला येडी म्हणायचं, गुरुजी मात्र तिचे पाढे ऐकून खूश असायचे.

पण सोमवारी तपासणीला साहेब आले आणि घोटाळा झाला. अडीचकी विचारता विचारता ते स्वतःच घसरले. सतरा अडीचा साडेत्रेचाळीस म्हणाले. शहाणं माणूस अशा वेळी आढ्याकडे बघतं. बेबीनंदा उठून म्हणाली, “चुकलं. साडेबेचाळीस. साहेबाला येत न्हाई.” साहेबांनी मग शेरेबुकात गुरुजींचीच खरडपट्टी काढली. ते गेल्यावर गुरुजी कडाडले, “पुन्हा तोंड दाखवू नको मला!”

आणि आता ही पाठ! गुरुजींचा तोल सुटला. छड्या सपासप ओढल्या, तरी पोरगी वळली नाही.

शाळा सुटल्यावर ते तडक मालनबाईकडे गेले. पटावरून नाव काढायचं, हे ठरवूनच. ती जळणाला आणलेली पऱ्हाट्यांची मोळी सोडत होती.

“जय भीम, गुरुजी. बसा.”

“बसायला न्हाई आलो. उद्यापासून हिला घरीच ठेवा. बिलकुल ऐकत न्हाई.”

“ऐकती म्हनूनच तर झालं ना समदं!” मालनबाईचा आवाज चढला. “तुम्हीच बोलल्ते ना, तोंड दाखवू नको? मी म्हन्लं, माय, रागाचं बोलणं असतं ते. तर म्हनती, गुरुजींनी सांगितलंय. शाळेत जायचंच न्हाई म्हनून राह्यली. मंग मीच म्हन्लं, पाठ करून बैस, पर शाळा सोडू नको. तिला वाकडं बोलणं कळत न्हाई, गुरुजी. सरळ सांगा, जीव गेला तरी करंल.”

तातेराव उंबऱ्यावर बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली. अख्ख्या शाळेत त्यांचा शब्द एवढा पाळणारं दुसरं पोर नव्हतं, आणि त्यांनी नेमकं तिलाच बडवलं होतं.

बेबीनंदा ओट्यावर पाठमोरीच होती.

“बेबीनंदा, माझं चुकलं. इकडं तोंड कर.”

ती लगेच वळली. नजर मात्र त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीवर.

“लई लागलं का गं?”

दुसरं कुठलंही पोर ‘न्हाई गुरुजी’ म्हणालं असतं.

“तीन लागल्या. चौथी भिंतीला लागली,” ती म्हणाली. “उद्या कुनीकडं तोंड करू?”

“फळ्याकडं.” गुरुजी म्हणाले.

तिनं मान हलवली, आणि वळ उठलेली पाठ भिंतीला लागू न देता ताठ बसून राहिली.