अप्पांचा शर्ट

तुमच्याशी बोलतोय तो मी एक जुना शर्ट. फुल बाह्यांचा, पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा असलेला. माझी कॉलर आतून विरली आहे आणि तिसरं बटण दुसऱ्याच कुठल्या तरी शर्टाचं आहे. माझं स्वतःचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. ज्या दोघांनी मला अंगात घातलं, त्यांचं मात्र आहे.

मला शिवलं त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका बोळातल्या टेलरनं शिवलं. कापड प्रभुलिंग यांनी स्वतः फाडून आणलं होतं. ते कापडाच्या दुकानात सेल्समन होते. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत, म्हणून मीही अप्पाच म्हणतो. सव्वीस वर्षं त्यांनी गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढं तागे उलगडले. "हात लावून बघा साहेब. रंग गेला तर मला आणून दाखवा साहेब." त्या दिवाळीला त्यांनी पहिल्यांदाच चांगल्यातलं कापड स्वतःसाठी घेतलं. मुलगी ऋतुजा लग्नाच्या वयाची झाली होती, चार घरी जावं लागणार होतं.

मला वर्षातून तीन-चारदाच घालायचे. एरवी मी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात. अप्पा मला घडी घालायचे ती दुकानातल्यासारखी, कॉलर उभी, बाह्या पाठीमागं. सिद्धेश्वरी म्हणजे त्यांची बायको, मुलांची अव्वा, ती हसायची. "घरात तरी दुकान नको की ओ."

ऋतुजाच्या पाठचा मुलगा शिवराज तेव्हा अकरावीत होता. सोळा संपून सतरावं लागायच्या बेतात. उंचीनं बापाच्या वर गेलेला, पण अंगानं काडी आणि ओठावर नुसती लव. दहावीला मार्क कमी पडले होते. तेव्हापासून त्याच्याशी घरात बोलणं म्हणजे "अभ्यास झाला का" आणि "पंखा बंद कर", एवढंच उरलं होतं. अप्पा दुकानातून यायचे ते घसा बसलेला, पाय सुजलेले. दिवसभर बोलून बोलून घरासाठी त्यांच्याकडं काही शिल्लक राहत नसे.

उदयसिंह हा शिवराजचा क्लासमधला मित्र, पण दोन वर्षं मागं राहिलेला आणि मोटारसायकल असलेला. एका बुधवारी दुपारी तो दारात आला. अव्वा शेजारी पापड लाटायला गेली होती.

"असला टी-शर्ट घालून येऊ नको बे. दारातनंच हाकलतील," तो म्हणाला. "बापाचा एकादा शर्ट हाय का बघ की."

शिवराजनं कपाट उघडलं. मला बाहेर ओढून त्यानं माझी घडी उलगडली. मी त्याला ढगळ झालो, खांदे खाली उतरले. त्यानं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, मला पँटीत खोचलं आणि आरशासमोर उभा राहिला. बराच वेळ राहिला. बाहेर उदयसिंह हॉर्न वाजवत होता.

शहराबाहेर हायवेलगत ती परमिट रूम होती. भर दुपारी आत अंधार आणि गार हवा. एकवीस वर्षांखालच्यांना दारू मिळणार नाही, अशी पाटी भिंतीवर होती. तिच्याच खालचं टेबल त्यांना मिळालं. शिवराजनं माझी कॉलर दोनदा नीट केली. वेटर आला. त्यानं पोराच्या तोंडाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं, माझ्या इस्त्रीकडं बघितलं आणि फडक्यानं टेबल पुसत म्हणाला, "बोला साहेब, काय आणू?"

शिवराजची पाठ सरळ झाली. मी त्याच्या पाठीला चिकटलेलो होतो, म्हणून मला ते कळलं.

बिअरचा पहिला घोट त्याला थुंकून टाकावासा वाटला. थोडी हनुवटीवरून ओघळून माझ्या छातीवर सांडली. उदयसिंह हसला, मग शिवराजही हसला. मसाला शेंगदाणे आले, दुसरा ग्लास आला. वेटरला हात वर करून बोलवायचं असतं, हे तो उदयसिंहकडं बघून शिकला, आणि गरज नसताना त्यानं दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा वेटर लगबगीनं आला.

संध्याकाळच्या आत तो घरी होता. तोंडात मूठभर बडीशेप. माझी त्यानं होती तशी घडी घातली, पण बाह्या पुढं आल्या.

पुढच्या बुधवारीही आम्ही गेलो. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर अव्वानं मला ऊन दाखवायला म्हणून बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. ती तशीच पलंगावर बसली. शिवराज आत आला तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

"हे घालून कुटं गेलतास?"

"उदयच्या भावाचा साखरपुडा होता."

"बुधवारी?"

शिवराज पंखा लावायला उठला. अव्वानं पुढं विचारलं नाही. "तुझ्या अप्पांना कळलं तर काय व्हईल," एवढंच म्हणाली. मग मला मोरीत घेऊन गेली आणि साबण लावून इतकं घासलं की छातीवर, बिअर सांडली होती तिथं, माझ्या निळ्या रेघा फिकट झाल्या. त्यानंतर दर आठवड्याला तिचं हे काम झालं. खिसे तपासायचे, मला धुवायचं, अप्पा यायच्या आत वाळवून इस्त्री करायची. एकदा धुतलं की ते झालंच नाही, असं तिला वाटत असावं. तिला दोष कसा देऊ. माझ्या अंगाला तिच्याइतकं मायेनं कुणीच हात लावला नाही.

मग ऋतुजाला टेंभुर्णीचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात नोकरीला, घर चांगलं. अप्पा आणि अव्वा घर बघायला जाणार होते. त्याआधी दोन दिवस अव्वा माहेरी अक्कलकोटला गेली होती, ती आदल्या दिवशी उशिरा परतली, आणि सकाळी घाईघाईत अप्पांनी मला कपाटातून काढून घातलं. खिसे बघायचे राहिले.

टेंभुर्णीच्या त्या घरात पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई बसव्वा मोकळी बाई होती. तिला ऋतुजाचा फोटो आवडला होता. "पत्रिका आणलीया का?" तिनं विचारलं. अप्पांनी माझ्या खिशात हात घातला आणि पत्रिकेचा कागद बाहेर ओढला. त्याबरोबर बिअरच्या बाटलीचं एक बूच बाहेर आलं, फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत मुलाच्या वडिलांच्या पायापाशी जाऊन थांबलं.

आदल्याच दिवशी शिवराजला सतरावं लागलं होतं. त्याची आठवण म्हणून त्यानं ते ठेवलं होतं.

मुलाच्या वडिलांनी बूच उचललं, उलटसुलट केलं. "हे काय वो, पाव्हणं?"

अप्पांनी बूच बघितलं. मग मान खाली घालून माझ्याकडं बघितलं, छातीवरच्या फिकट झालेल्या जागेकडं. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. अव्वा शेजारीच बसली होती. ती बोलली असती तर पोराचं नाव गेलं असतं, न बोलली तर नवऱ्याचं.

"माझंच हाय," अप्पा म्हणाले. "कवातरी घेतो."

अव्वा बोलली नाही.

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ऋतुजाला सगळं समजलं. ती शिवराजला जेवायला वाढायची, पण त्याच्याशी बोलणं तिनं सोडलं, ते दोन वर्षांनी लातूरला सासरी जाईपर्यंत.

निरोप आला त्या संध्याकाळी अप्पा लवकर घरी आले. शिवराजला त्यांनी कॉटवर शेजारी बसवलं. मी समोर खुंटीवर होतो. पोरगं मार खायच्या तयारीनं बसलं होतं. अप्पांनी हात उचलला नाही.

"चव आवडली का रे तुला?"

"न्हाई अप्पा. कडू लागती."

"मग?"

शिवराज नखं कुरतडू लागला. "तिथला माणूस मला साहेब म्हणाला," तो शेवटी म्हणाला.

अप्पा खुंटीकडं बघत राहिले. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या, शेजारच्यांचा कुकर वाजला. मग अगदी हळू म्हणाले, "मी दिवसभर ज्याला त्याला म्हनतो. तुला म्हनायचं राहिलं बघ."

शिवराजनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडला. तिथं पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून अव्वाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अप्पांनी मला खुंटीवरून काढलं, घडी घातली, त्याच्या हातात दिलं. "ह्यो आता तुझा. चोरून घालू नको."

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिने आणि काही दिवस त्यानं शपथ पाळली. मग उदयसिंहचा वाढदिवस आला. "आजचा दिवस की बे," तो म्हणाला. तो दिवस पुरे झाला.

मला आजही एक गोष्ट उमगलेली नाही. उदयसिंहनंच त्याला नेलं, तोही त्याच्याइतकीच प्यायला, कधी जास्तच. पण बावीस-तेविसाव्या वर्षी तो आपोआप त्यातून बाहेर आला. लग्न केलं, टायरचं दुकान घातलं. नंतर सिग्नलला शिवराज दिसला की तो गाडीची काच वर घ्यायचा. एकच टेबल, एकच बाटली, आणि एकजण उठून घरी गेला. दुसरा का उठू शकला नाही, ते त्याच्या अंगावर राहूनही मला समजलं नाही.

शिवराजचं कॉलेज सुटलं. मोबाइलच्या दुकानात लागला, तिथून काढलं. गोडाऊनमध्ये लागला, तिथूनही काढलं. बिअर परवडेना तशी देशी सुरू झाली. अव्वाची पाटली गेली. परमिट रूममधला तोच वेटर आता त्याला दारातूनच "ए, चल हो बाहेर" म्हणायचा. मी त्याला आता बरोबर बसायला हवा होतो, पण मी पुन्हा ढगळच झालो, कारण त्याच्या अंगावर मांसच उरलं नव्हतं.

एका दुपारी अव्वा मोरीत मला धूत होती. अप्पा दाराशी उभे होते. त्यांचं दुकान तोवर सुटलं होतं.

"मला पहिल्यापासनं ठाऊक होतं," ती मान वर न करता म्हणाली. "टेंभुर्णीच्या आदीपासनं. मी तुमाला सांगितलं न्हाई."

अप्पा म्हणाले, "कपाट उघडलं की वास मलाबी यायचा."

अव्वानं मला पिळलं आणि दोरीवर टाकलं.

व्यसनमुक्ती केंद्रात तो तीनदा गेला. पहिल्यांदा अप्पांनी समजावून नेला, दुसऱ्यांदा पोलिसांनी सांगितलं म्हणून. तिसऱ्यांदा यंदाच्या उन्हाळ्यात, स्वतःहून. "मला न्या, अप्पा," असं तो पहाटे म्हणाला, आणि अव्वानं त्या दिवशी देवापुढं नंदादीप लावला. केंद्राचा नियम होता, तीन जोड कपडे आणि प्रत्येकावर पेशंटचं नाव. अव्वा चौथीपर्यंत शिकलेली. मार्करनं माझ्या कॉलरवर एकेक अक्षर दाबून तिनं लिहिलं, शिवराज.

आठ दिवस तो राहिला. रात्री थरथरायचा, मला घट्ट धरून बसायचा. नवव्या दिवशी सकाळी सगळे अंगणात कवायतीला असताना भाजीवाल्यासाठी फाटक उघडलं, आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी अप्पा आले. केंद्रात कपडे आणि भांडी सांभाळणारे ज्ञानबा, एकेकाळी स्वतःही तिथंच भरती झालेले, त्यांनी त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं.

"अंगात काय होतं त्याच्या?" अप्पांनी विचारलं.

"हितला कवायतीचा टी-शर्ट. निळा."

"पायात?"

"काय न्हाई, मामा. चपला हितंच हायत."

ज्ञानबांनी मला आणि बाकीचे दोन जोड आणून बाकावर ठेवले. "न्या हे घरी. हितं नुस्तं पडून ऱ्हातं."

अप्पांनी मला उचललं. कॉलरवरचं अव्वाचं अक्षर त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. मग मांडीवर पसरून घडी घातली, सुरकुती काढली, पुन्हा एकदा काढली, आणि मला ज्ञानबांपुढं धरलं.

"ठेवा. आला तर अंगात घालायला लागंल."

"मामा, तिसऱ्या खेपेला पळालेली येत न्हाईत परत. तुमाला खोटं कशाला सांगू."

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाले. "तरी ठेवा."

त्याला आता चार महिने होतील. मी केंद्राच्या मागच्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या वर-खाली दुसऱ्यांचे शर्ट आहेत, कुणाची पँट, कुणाचा स्वेटर. प्रत्येकाच्या कॉलरवर कुणीतरी दाबून दाबून लिहिलेलं एक नाव आहे. अप्पा महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात, बाकावर बसतात, पाणी पितात आणि जातात. या महिन्यात आले नाहीत. तो येईल असं मलाही वाटत नाही.

तरी एक सांगतो. कधी सोलापूरकडं आलात, आणि एखाद्या एसटी स्टँडवर किंवा पुलाच्या सावलीत निळ्या टी-शर्टातला एक उंच माणूस दिसला, पंचवीसचा पण चाळिशीचा वाटणारा, अनवाणी, तर त्याला उपदेश करू नका. नुसती 'शिवराज' म्हणून हाक मारा. त्यानं मान वर केली, तर सांगा की त्याचा शर्ट घडी घालून ठेवलेला आहे. नाही केली, तर तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा असेल. त्याचाही शर्ट याच पेटीत असेल.