दहा मिनिटं थांबा, साहेब!

मित्रांनो, हसू नका हं, पण मी एक जुना, पोचे पडलेला, इंजिनाच्या खोड्या टिपून ठेवणारा डबा आहे. कागदोपत्री मी रेकॉर्डर. आमचे साहेब मात्र मला 'मठ्ठ' म्हणतात.

माझे कान तिखट, पण जीभ जड. इंजिनावरचे सेन्सर एका सेकंदात हजारो गोष्टी बडबडतात, त्या मी सगळ्या टिपतो. पण संगणकाकडे निरोप नेणारी तार, म्हणजे डेटा बस, पडली सावकाशीची. म्हणून त्या एका सेकंदाची हकीकत सांगायला मला दहा मिनिटं लागतात. इंजिन किती हादरलं ते आधी, किती फिरलं ते नंतर. नवा होतो तेव्हा केवढं कौतुक होतं माझं! आता डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

एकदा फिटरकाकांनी जोडलेलं इंजिन तपासायला घेतलं, तर माझ्या नोंदीत ठोके उमटू लागले. तीन दिवस तेच. साहेब माझं अर्धंच ऐकायचे आणि ठोके दिसले की माझा प्लग उपटायचे.

"काका, वय झालं तुमचं. उद्यापासून गोदामात बसा," ते म्हणाले.

तीस वर्षं इंजिनं जोडणाऱ्या काकांचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं, पण प्लगाशिवाय बोलणार कसा?

शेवटी मला चालवणाऱ्या ताई प्लगाच्या आड उभ्या राहिल्या. "दहा मिनिटं थांबा, साहेब. त्याचं बोलणं संपू तरी द्या!"

साहेब नाक मुरडत बसले. पाच मिनिटं मी ठोकेच सांगितले. मग पडद्यावर इंजिनाच्या फिरण्याची रेघ आली, आणि ठोक्यांच्या वेळी ती चक्क सपाट!

"अहो, ठोके पडले तेव्हा इंजिन फिरतच नव्हतं!" ताई ओरडल्या.

"मग ठोकत कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात आवाज आला, टक-टक... टक. काका खाली वाकले. साहेबांचा बूट इंजिनाच्या चौकटीवर आपटत होता. इंजिन सुरू व्हायची असो की माझं बोलणं संपायची, वाट बघावी लागली की पाय हलवायची त्यांची सवयच!

"इंजिन ठणठणीत आहे, साहेब," काका म्हणाले. "बूट तेवढा तपासायला टाका."

साहेबांचे कान लालेलाल झाले. "चुकलं माझं, काका. गोदामाचं विसरा."

मित्रांनो, माझ्यावर कप ठेवू नका, पाझरतात मेले. आणि सावकाश बोलणाऱ्याचा प्लग मध्येच काढू नका. आमचे साहेब आता माझं शेवटपर्यंत ऐकतात. खुर्चीवर मांडी घालून.