झाकणाची खाच

मी एक जुना वाडगा आहे. चिनी मातीचा, मोठ्या पोटाचा, काठावर निळ्या फुलांची वेल असलेला. आमच्या घरी लीना जन्माला आली त्याच महिन्यात मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो. तो १९१९ चा जानेवारी होता. लीनाचा बाप तिचं तोंड न पाहताच युद्धात मारला गेला होता. घरात उरल्या तिघी : आजी हुल्डा, सून ओटिली आणि अकरा दिवसांची लीना.

मित्रांनो, थुरिंगियाच्या डोंगरातल्या एका भट्टीत मी भाजला गेलो. हुल्डाचा नवरा तिथे रंगकाम करायचा. माझ्या काठावरची वेल त्याने लग्नाआधी स्वतः काढली. पुढे चाळीस वर्षं दर रविवारी माझ्यातून गरम सूप वाढलं गेलं. माझ्या झाकणाला एका बाजूला खाच आहे, पळीचा दांडा बाहेर राहावा म्हणून.

त्या हिवाळ्यात जर्मनीचा बादशहा, कैसर, देश सोडून गेला होता. राजधानीत रस्त्यांवर गोळ्या चालत होत्या. अशात हुकूम आला, की सगळ्यांनी मत द्यायचं, पहिल्यांदाच बायकांनीसुद्धा. पण गावची मतपेटी कुणीतरी थंडीत चुलीत घातली होती. शाळेचे मास्तर लेबरेख्ट गावभर हिंडून शेवटी आमच्या दारात आले.

"हुल्डाबाई, झाकणाचं एखादं मोठं भांडं आहे का?"

"आहे. पण त्याला कांद्याचा वास येतो."

"येऊ दे. मताला नाक नसतं."

रविवारी शाळेत मास्तरांनी माझं झाकण उचललं आणि रिकामं पोट सगळ्यांना दाखवलं. म्हातारा लोहार एवाल्ड वाकून बघत म्हणाला, "आणि सूप कुठाय?" लोक हसले. मग एकेक जण पुढे येऊ लागला आणि हसू आपोआप थांबलं.

मित्रांनो, मला वजन बरोबर कळतं. जमीनदाराच्या मताचं कागदी पाकीट खाचेतून माझ्यात पडलं, मागोमाग त्याच्या गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईचं पडलं. दोन्हींचं वजन एकच होतं. मी थक्क झालो. इतक्या वर्षांत दोन माणसांचं वाढप मी कधी सारखं पाहिलं नव्हतं.

हुल्डा आली तेव्हा मास्तरांनी पाकिटासाठी हात पुढे केला. खाचेतून पाकीट त्यांनीच टाकायचं, असा नियम होता.

"मास्तर," हुल्डा म्हणाली, "चाळीस वर्षं या भांड्याला मीच हात लावते. आजही मीच टाकते."

मास्तरांनी हात मागे घेतला. तिने पदर चाचपावा तसा आपला एप्रन सारखा केला, दोन्ही हातांनी पाकीट धरलं आणि खाचेतून सोडलं.

पुढच्या खेपेला नवी लाकडी पेटी आली आणि मी फडताळात परतलो. सरकारं पडत होती, नवी येत होती, आणि नोटांची किंमत रोज घसरत होती. ओटिली कारखान्यातून नोटांचे गठ्ठे आणून माझ्यात टाकायची. मी काठोकाठ भरायचो, पण तेवढ्यात एका वेळचं सूपही होत नसे. तोही कागदच, मित्रांनो. पण हुल्डाचा कागद किती जड होता.

१९२३ च्या नोव्हेंबरात उपासमारीने लीनाच्या पायांना तिचं वजन पेलेना. डॉक्टर म्हणाले, "औषध नको, जेवण द्या." हुल्डाने मला खाली काढलं.

"आई, तो नको," ओटिली म्हणाली. "मामंजींनी रंगवलाय."

"रंगवलाय ना? मग नात कुणाची आहे?"

दोघी मला घेऊन पलीकडच्या गावात बार्टेल शेतकऱ्याकडे चालत गेल्या. त्याच्याकडे बटाटे होते. बटाट्यांसाठी लोकांनी आणून दिलेले गालिचे आणि घड्याळंही होती.

"भांडी फार झाली, बाई," बार्टेल म्हणाला. "गोठ्यात पियानो उभा आहे. गायी अजून शिकतायत."

"या भांड्यात मी पहिलं मत टाकलंय," हुल्डा म्हणाली.

"आणि मिळालं काय? आज बटाटे मागत उभी आहेस."

हुल्डाने मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "बटाटे पोटाला हवेत. ते वेगळं होतं."

बार्टेलची बायको मेटा चुलीजवळून उठून आली. तिने माझ्या खाचेवरून बोट फिरवलं.

"इथून?"

"इथूनच."

"आमच्याकडे घरातलं एक मत पुरे, असं हे म्हणतात." एवढं बोलून मेटा आत गेली आणि बटाट्यांचं पोतं ओढत घेऊन आली. बार्टेल तिच्याकडे बघतच राहिला.

त्या बटाट्यांवर लीना जगली. वसंतात ती पुन्हा चालू लागली. मी मेटाच्या फळीवर होतो. ती रोज मला पुसायची आणि खाचेपाशी तिचं फडकं थांबायचं.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुम्ही दोन्ही हातांनी उचलता, कारण चिनी मातीला गेलेली चीर सांधत नाही. हुल्डाने त्या पाकिटाला दोन्ही हात लावले होते. तुमच्या हाती तसा कागद येईल तेव्हा तुम्हीही लावा.

मे महिन्यातल्या एका रविवारी मेटाने माझ्यात सूप भरलं, शालीत गुंडाळून मला हुल्डाच्या घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे भांडं इथलंच," ती ओटिलीला म्हणाली. "उशीर झाला. वाटेत शाळेत गेले होते, मत द्यायला."

हुल्डा आतल्या खोलीत फुलांखाली होती. १९२४ च्या मे महिन्याच्या दोन तारखेला, शुक्रवारी, ती वारली. मतदान रविवारी होतं.