पाठीवरची सही

आमचे हे शब्दकोशाच्या कार्यालयात. चहा कसा झालाय विचारलं, तर आधी 'चहा' हा शब्द कुठून आला ते सांगतील. तोवर चहा गार. पण 'छान झालाय' म्हणतील तर शपथ!

लेकीने पक्की नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हापासून तर यांनी मौनच धरलं. ती बिचारी रोज यांच्या तोंडाकडे बघायची. दुकान उघडायच्या दिवशी नवा पांढरा शर्ट घालून आली आणि सरळ विचारलंच, "बाबा, सगळे हो म्हणाले. तुमची एन्डॉर्समेंट तेवढी राहिलीय. शटर मी उघडीनच हो, पण तुमच्या मनात नसेल तर माझं मन लागायचं नाही."

झालं! यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "एन्डॉर्स. मुळात लॅटिन. डॉर्सम म्हणजे पाठ. चेकच्या मागे सही करतो ना, तसं कागदाच्या पाठीवर लिहायचं. त्यावरून मान्यता देणं. गंमत बघ, आपला पाठिंबाही पाठीवरूनच..."

"अहो!" मी ओरडले. "पोरीने विचारलं काय आणि तुम्ही दळत काय बसलाय?"

लेकीचे डोळे भरले. ती तशीच दुकानाकडे निघून गेली. मला असा संताप आला म्हणून सांगू!

हे खुर्चीतून उठले. मग पायात चपला सरकवल्या. मीही मागोमाग निघाले. म्हटलं, तिथे आणखी काही सुरू केलं तर तोंड धरायला कुणीतरी हवं.

दुकानात ती एकटीच एका सायकलची चेन बसवत होती. हे तिच्याशेजारी उकिडवे बसले. "मी चेन धरतो, तू पॅडल फिरव."

चेन बसली. दोघं उभे राहिले. यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्म शब्दांत गेला, पण ऐनवेळी एक हाताशी येईल तर ना! शेवटी लेकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. "हे घे. लिहिलं पाठीवर."

पांढऱ्या शर्टावर काळ्या ग्रीसची पाची बोटं उमटली. लेक हसता हसता रडायला लागली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी हे शर्ट घेऊन मोरीपाशी उभे. "लिंबू लावून निघेल का गं?"

एरवी डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. पण शर्ट हिसकावून घेतला. "खबरदार! सहीला कुणी लिंबू लावतं का?"