पिशवीतली खिडकी

मी जुना झालो, माझ्या कडा झिजल्या, पण मित्रांनो, मी आजवर एकाही भिंतीत बसलो नाही. मी दुहेरी काचेच्या खिडकीचा नमुना आहे. तळहाताएवढ्या दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी आणि त्या पोकळीत कोंडलेली कोरडी हवा, एवढाच माझा संसार.

हावड्याच्या एका लहान कारखान्यात उरलेल्या तुकड्यांतून मला तयार केले. माझ्या बाहेरच्या काचेला आतल्या अंगाने एक लेप आहे, डोळ्यांना न दिसणारा. तो उजेडाला आत येऊ देतो आणि उन्हाच्या तापाला बाहेरच थोपवतो. कडा काळ्या लुकणाने बंद झाल्या, त्या दिवसापासून मला ना ऊन लागले, ना वारा. एका अंगाने कितीही तापवा, दुसऱ्या अंगाला त्याची फारशी दाद नसते. यालाच माझा गुण म्हणत.

अरुणबाबू नावाचे विक्रेते मला पिशवीत घालून घरोघर नेत. सोबत साधी काच, काळसर काच आणि दिवा बसवलेली एक पेटी असे. ते एकेक काच दिव्यापुढे धरत आणि लोकांना पलीकडे हात धरायला सांगत. साध्या काचेमागून हात पटकन मागे येई. काळसर काच खोली अंधारी करी, शिवाय थोड्या वेळाने स्वतःच तापे. माझ्यामागे हात निवांत राहत. लोक वाहवा करत आणि बहुतेक वेळा काळसर काच घेत. मला त्याचे काही वाटत नसे.

गेल्या वैशाखात आम्ही कोलकात्याच्या विमानतळाजवळ, डमडमला शैलाताईंकडे गेलो. त्यांचे यजमान हेमंतराव बँकेत अधिकारी, बदलीवर नाशिकहून आलेले. इथे आल्यावर वर्षभरातच त्यांना पक्षाघात झाला. जीभ हळूहळू वळू लागली, पण डावे अंग बधिर राहिले. त्यांची खाट पश्चिमेच्या खिडकीलगत होती. समोरच्या भिंतीला दार आणि कपाट, त्यामुळे खाट हलवायला जागा नव्हती. एका दुपारी ऊन तासन्‌तास त्यांच्या डाव्या हातावर पडून राहिले. संध्याकाळी शैलाताईंनी पाहिले तेव्हा कातडी लालभडक झाली होती आणि हेमंतरावांना पत्ताच नव्हता. तेव्हापासून खिडकीवर जाड पडदा आला. अंधारात हेमंतराव भिंतीकडे तोंड करून पडत, जेवण नको म्हणत. उतरणारी विमाने पाहणे एवढाच त्यांचा विरंगुळा होता, तोही गेला. शैलाताई सगळे वेळच्या वेळी करत, पण रडत नसत आणि रागावतही नसत.

अरुणबाबूंनी खिडकीत ठेवून पेटी उघडली. शैलाताईंनी तिन्ही काचांमागे हात धरून पाहिला, चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग त्यांनी हेमंतरावांचा खिडकीकडचा हात उचलून साध्या काचेमागे धरला. तो डावा होता. दिवा तापत राहिला. लागतंय का, असे त्यांनी विचारले. हेमंतराव नाही म्हणाले. अरुणबाबूंनी घाईने दिवा विझवला आणि उरलेले पाठ केलेले बोलणे बोललेच नाहीत. हेमंतरावांनी उजव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवले.

"उजेड राहू दे, शैला," ते म्हणाले.

निघताना अरुणबाबूंनी मला तिथेच ठेवले. कुठली बाजू बाहेर, याची चिठ्ठी माझ्या बाहेरच्या काचेवर होती. खिडकी बसली की तिच्याजवळ ज्योत धरून पाहा, असेही त्यांनी सांगितले. दोन काचांना चार अंगे, म्हणून काचेत चार ज्योती दिसतात. खोलीच्या बाजूने मोजत गेले की तिसरी निराळ्या रंगाची दिसली पाहिजे, कारण लेप तिथे असतो.

माझ्यासारखी खिडकी बसली, तरी दुपारी खोली तापायची ती तापायचीच. शैलाताईंनी कुणाला दोष दिला नाही. पडदा पुन्हा लावला आणि ताट वाढायला गेल्या. काही बरे होईल, ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली होती. मला त्यांच्यात माझीच ओळख पटली.

रोज तिन्हीसांजेला त्या देवापुढचे निरांजन खाटेपाशी आणत. हेमंतराव उजवा हात ज्योतीवरून फिरवून तोंडावरून घेत. एका संध्याकाळी विमानाचा आवाज आला म्हणून हेमंतरावांनी पडदा सारायला सांगितले. निरांजन शैलाताईंच्या हातातच होते. काचेत चार ज्योती दिसल्या आणि त्यांतली दुसरी निराळी होती. त्यांनी मला उचलले, चिठ्ठीची बाजू बाहेर करून ज्योत धरली. माझ्यात तिसरी निराळी दिसली. त्यांनी दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी अरुणबाबूंनी स्वतः पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बौदी, गलती हमारी है. काँच उल्टा बैठा दिया," ते म्हणाले; शैलाताईंना ते बंगाली रीतीने बौदी, म्हणजे वहिनी म्हणत. दोन दिवसांत काच फिरवली गेली. पडदा उतरला. दुपारी चारला खोलीत भरपूर उजेड होता आणि हेमंतरावांचा हात थंड होता. शैलाताई तरीही दर अर्ध्या तासाने त्याला हात लावून पाहतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. काच घ्याल तेव्हा ऊन कुठल्या बाजूने येते आणि त्या खिडकीपाशी कोण बसते ते आधी पाहा. बसवून झाली की ज्योत धरून तपासा. ज्याला काही लागत नाही, त्याला काही लागतच नसेल असे समजू नका. त्याची विचारपूस दुप्पट करा. हे मी स्वतःवरूनही सांगतो.

अरुणबाबूंनी मला परत नेले नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई हेमंतरावांच्या डाव्या हातात रबरी चेंडू देत, तो ते भिरकावून देत. मी मात्र त्यांना चालत असे. शैलाताई मला त्या हातात ठेवून एकेक बोट मिटवत आणि आकडे मोजत. काल दुपारी त्या स्वयंपाकघरात असताना हेमंतरावांनी डाव्या हाताने मला खिडकीतून स्वतःच उचलले. मी जरासा वर गेलो आणि फरशीवर पडलो. माझा कोपरा उडाला, लुकण उकलले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोलकात्याची दमट हवा माझ्या आत आली. मी आतून धुरकट झालो. आता मी नमुना म्हणून कामाचा नाही. आणि मित्रांनो, मला वाईट वाटले, बरेही वाटले. वाटले, एवढे खरे.

"शैला, पडला गं हातातून," हेमंतराव ओशाळून म्हणाले.

शैलाताई धावत आल्या. मला उचलून त्यांनी पदराने पुसले. हेमंतरावांचा डावा हात अजून खिडकीकडे पुढे होता; मी कुठल्या हातातून पडलो, ते लक्षात यायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मग त्या खाली फरशीवरच बसल्या, आणि वैशाखापासून मी कोरडेच पाहिलेले त्यांचे डोळे भरून आले.

"पडला म्हणजे हातात होता ना, अहो," त्या म्हणाल्या.