सहावा चमचा

“काका, तुम्ही बारा दिवस रजेवर काय गेलात, तुमच्या क्षाराने संप केला,” मॅडम म्हणाल्या.

काकांनी पिशवी खुंटीला लावली, चष्मा बदलला आणि काचेच्या बशीत डोकावून पाहिलं. बशीत पांढरा दगड बसला होता.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मापकाका म्हणत, कारण एकतीस वर्षांत त्यांनी वजनं-मापं करण्याखेरीज काही केलं नव्हतं. गेली दोन वर्षं ते या एकाच क्षाराचं वजन करत होते. तापवून कोरडा केला की हा क्षार ती ऊब गिळून बसायचा. डबा घट्ट बंद ठेवला तर महिनोन्‌महिने गप्प. मग दमट हवा सोडली की हवेतली वाफ पोटात घ्यायचा आणि गरम व्हायचा. पुन्हा तापवला की पाणी सोडून कोरडा. रोज एक फेरी. “अगदी आमचे सासरे,” काका म्हणायचे, “उन्हाळ्यातला राग थंडीत काढतात.”

दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. तिने होकार दिला तर एका वृद्धाश्रमाच्या तळघरात टाकीभर क्षार भरून वरच्या खोल्या हिवाळ्यात ऊबदार ठेवायच्या होत्या. नकार दिला तर महिनाअखेरीस मॅडमची नोकरी संपत होती. काकांचीही त्याच दिवशी संपत होती, पण ती वयामुळे; त्यासाठी समिती बसवावी लागली नव्हती.

सहाशे बारा फेऱ्यांत क्षार एकदाही दमला नव्हता. मग काकांच्या बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, काकांच्या जागी आपोआप नोंद करणारा तराजू आला, आणि सातव्या फेरीला क्षाराने घेतलेल्या वाफेचं वजन निम्म्यावर आलं, त्याबरोबर ऊबही.

“तराजूच बिघडलाय असं वाटलं होतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चार दिवस न झोपलेल्या माणसाचा होता. “पण बशीत नुसता गठ्ठा आहे. वाफ आत शिरायला जागाच नाही. तुम्ही वेगळं काय करत होता?”

“काही नाही. वजन करायचो, शेऱ्यात ‘ठीक’ लिहायचो.”

“बस?”

“त्याआधी जरा मोकळं करायचो.”

“म्हणजे?”

काकांनी खण उघडून एक चमचा काढला. कडा झिजलेल्या, अंगावर बारीक खड्डे. “रोज सकाळी गुठळ्या व्हायच्या. फोडायचो. गुठळ्या तशाच तोलायच्या म्हणजे बरं दिसत नाही.”

मॅडम स्टुलावर बसल्या. “रोज?”

“रविवारी नाही. रविवारी फेरी नसते.”

प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तूला क्रमांक होता. खुर्च्यांना होता, बंद पडलेल्या फोनलाही होता. चमच्याला नव्हता, तो घरून आला होता. सहाशे बारा फेऱ्या क्षाराने नव्हे, त्याने काढल्या होत्या.

“हा कुणी पाहिलाय?” मॅडमनी विचारलं.

“कुणी नाही.”

“म्हणजे तराजू बिघडला असं लिहिता येईल.”

“येईल की. तराजू काय नाही म्हणणार आहे?” काकांनी चमचा शर्टाला पुसला. “पण मॅडम, त्या तळघरात रोज चमचा घेऊन कोण उतरणार? म्हातारे?”

मॅडम हसल्या, म्हणजे तसा प्रयत्न केला, आणि त्यांनी नोंदवही काकांपुढे सरकवली. काकांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला: ‘पहिल्या दिवसापासून रोज सकाळी गुठळ्या चमच्याने फोडल्या. तसे कोणी सांगितले नव्हते.’ खाली सही केली, तारीख घातली.

समितीला अकरा मिनिटं लागली. त्यातली चार चहाला.

महिनाअखेरीस मॅडमनी खोक्यात पुस्तकं भरली आणि काकांना कोरड्या क्षाराची एक घट्ट बंद बरणी दिली. “न वापरलेला आहे. मोजू नका आता.”

घरी बायको डोळ्याला पट्टी लावून चमचे हातानेच चाचपून खणात ठेवत होती. काकांनी त्यात आपला चमचा सरकवला.

“अहो, पाच होते. हा सहावा कुठून आला?”

“ऑफिसातून.”

तिने चमच्याच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. “दोन वर्षं मी वन्संशी धड बोलले नाही या चमच्यापायी.”

“उद्या फोन कर.”

“तुम्हीच करा. तुमची बहीण आहे.”

काकांनी चमचा परत घेतला, बरणी उघडली, त्यात दोन चमचे पाणी घातलं, हलवलं आणि झाकण लावून बरणी तिच्या गार हातांत दिली.

“गरम आहे हो,” ती म्हणाली. “शेगडी तर बंद आहे.”

“मागच्या उन्हाळ्यातली ऊब आहे.”

“किती वेळ राहील?”

काकांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ टिपायला खिशातून पेन काढलं. ती दोन्ही हातांनी बरणी पोटाशी धरून बसली होती. त्यांनी पेन तसंच परत खिशाला लावलं.